याचं नाव सागर

इंदूताईंच्या दुकानात भांडं वाजवून बघायची सोय नव्हती. वर्ध्यात नालवाडीच्या रस्त्याला त्यांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान. आपल्याकडे बाई गंज, म्हणजे पातेलं, घ्यायला गेली की आधी बोटाच्या गाठीनं टणटण वाजवणार, मग काठ बघणार, मग घासाघीस करणार. इंदूताई पहिल्या टणत्काराआधीच गिऱ्हाइकाचा हात धरायच्या. "वाजवू नका माय. मी सांगतो ना, पक्का आहे." मांडण्यांवर जुन्या साड्यांच्या घड्या अंथरलेल्या असायच्या, एका गंजात दुसरा ठेवताना मध्ये फडकं. नवीन गिऱ्हाईक चिडायचं, कुणी उठून समोरच्या दुकानात जायचं. इंदूताई जाऊ द्यायच्या.

कारण आत, पडद्यापलीकडे, सागर बसलेला असायचा. त्यांचा एकुलता एक मुलगा. उंचापुरा, दाढीमिशा फुटलेला, पंचविशीकडे झुकलेला. त्याला लहानपणापासून ऑटिझम, ज्याला मराठीत स्वमग्नता म्हणतात. बोलायचा अगदी मोजकं, तेही त्याच्या मनाला येईल तेव्हा. भांड्यांचा खणखणाट झाला की कानांवर हात दाबून भिंतीवर डोकं आपटायचा. दुकान इंदूताईंच्या यजमानांचं, वामनरावांचं, वडिलांपासून चालत आलेलं. ते बंद करता येत नव्हतं. म्हणून इंदूताईंनी दुकानालाच गप्प राहायला शिकवलं होतं.

मी तिथे पहिल्यांदा गेले ती एका लग्नाच्या आहेरासाठी कुकर घ्यायला. माझी आर्या तेव्हा चार वर्षांची होती. दुकानात शिरल्या शिरल्या ती माझा हात सोडवून मांडणीखाली गेली आणि तिथल्या वाट्या एकात एक घालू लागली. घालायची, काढायची, पुन्हा घालायची. मी हाका मारत होते, ती मान वर करत नव्हती. इंदूताईंनी कुकर बाजूला ठेवला आणि तिच्याकडे बघत राहिल्या.

"बोलते का पोट्टी?"

"नाही अजून. आमच्याकडे सगळेच उशिरा बोलले म्हणे."

"कोन म्हनते?"

"सासूबाई."

"नावानं हाक मारली तं पाह्यते?"

मी वाट्यांशी खेळणाऱ्या आर्याकडे बघितलं. आवाज जराही मऊ न करता त्या म्हणाल्या, "डॉक्टरले दाखव. लेकरायच्या मेंदूचा डॉक्टर असते, त्याले. आज नाई तं उद्या. वाट पाहू नको."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. कुकर न घेताच मी आर्याला ओढत बाहेर काढलं. तिनं रस्त्यावरच बसकण मारली आणि किंचाळायला लागली. माणसं थांबली. कुणी म्हणालं, दोन ठेवून द्या. कुणी म्हणालं, हिला बाहेरचं काहीतरी दिसतंय. तेवढ्यात इंदूताई पायरीवर आल्या आणि त्या लोकांवर ओरडल्या, "काय पाहून राह्यले? कामधंदे नाई का घरी? चाला!" लोक पांगले. मी त्यांच्याकडे न बघता आर्याला उचलून घेऊन गेले. घरी पोचेपर्यंत त्यांना मनातल्या मनात शिव्या देत होते.

काही आठवड्यांनी डॉक्टरांनी आर्यालाही ऑटिझम असल्याचं सांगितलं आणि मी दवाखान्यातून घरी न जाता सरळ त्या दुकानात गेले. का गेले ते मला सांगता येणार नाही. इंदूताईंनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, म्हणाल्या, "आली का," आणि स्टूल सरकवलं. पाठीवरून हात फिरवला नाही, सगळं चांगलं होईल असं म्हटलं नाही. पाणी दिलं. मी कितीतरी वेळ रडत होते, त्या गिऱ्हाइकी करत होत्या. मग म्हणाल्या, "रविवारी येजो. दुकान बंद असते. तुह्यासारख्या अजून आहेत."

रविवारी अर्धं शटर खाली ओढून त्या भांड्यांमध्ये आम्ही बसायचो. वर्ध्यातल्या काही जणी, सेलूकडची एक शिक्षिका, पुलगावहून येणारे रमेशभाऊ आणि त्यांची बायको. मुलं जमिनीवर आपापल्या परीनं खेळायची. इंदूताईंचा एकच दंडक होता. हे कशानं झालं, कुणाच्या घराण्यातून आलं, यावर त्या दुकानात कुणी बोलायचं नाही. कुणी सुरुवात केलीच, की त्या तोडायच्या, "ते सोड. उद्याचं बोल." मग उद्याचं बोलणं व्हायचं. कुणाला केस कापू न देणारं लेकरू न्हाव्याकडे कसं न्यावं, शेजारीण काय म्हणाली तिला काय उत्तर द्यावं, अपंगत्वाच्या दाखल्यासाठी कुठल्या खिडकीवर उभं राहावं, मुलगी वयात आल्यावर काय करावं.

त्या काही प्रेमळ वगैरे नव्हत्या. माझ्या नवऱ्यानं एकदा गंडेदोऱ्याचा विषय काढला, तर त्याला त्यांनी सगळ्यांदेखत असं धारेवर धरलं की तो महिनाभर त्या रस्त्यानं गेला नाही. कौतुक केलेलं त्यांना खपत नसे. "तुमच्यासारखी आई सगळ्यांना मिळो," असं कुणी म्हटलं की तोंड फिरवायच्या. आणि सागरकडे बघून कुणी हळूच विचारलं, "वेडा आहे का हा?" तर त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. "नाई. याचं नाव सागर आहे."

आर्याला शाळेत घातलं, तेव्हा त्यांची दुसरी बाजू मला दिसली. शाळा खासगी होती, आमच्या भागातली. दिवाळीच्या आधी मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावलं. बाकीच्या पालकांची तक्रार होती. आर्या वर्गात मधेच उठते, आवाज काढते, आमच्या मुलांचं नुकसान होतं. पालकांच्या सभेत निर्णय होणार होता. मी इंदूताईंना सोबत नेलं. सभेत एक बाई उठल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "अशा मुलांसाठी वेगळ्या शाळा असतात ना?" 

इंदूताई उभ्या राहिल्या. "कायदा मले माहीत आहे. तुमाले बी माहीत करून देता येईन. पन आज मी त्याच्यासाठी नाई आली. माह्या पोरालेही शाळेतून असंच काढलं होतं. सात वर्षांचा होता. तवा मी ऐकलं. हात जोडून घरी घेऊन गेली. तो आता एवढा मोठा झाला," त्यांनी हात उंच केला, "पन त्याले एक दोस्त नाई. गावात एक बी मानूस असा नाई, जो लहानपनापासून त्याले ओळखते. तुमच्या पोरायचं नुकसान होते म्हनता. होत असंन. हिले काढून टाकली तं होते ते बी पाहा."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दोघं-तिघं उठून गेले. मुख्याध्यापिकाबाई पेनाचं टोपण फिरवत म्हणाल्या, सध्या अर्धा दिवस ठेवून बघू, आई बाहेर थांबणार असेल तर. मला ते जिंकल्यासारखं वाटलं. बाहेर आल्यावर इंदूताई म्हणाल्या, "हे काही झालं नाई अजून. दर वर्षी भांडा लागंन तुले." आणि तसंच झालं.

आम्ही केळझरला गेलो होतो, त्या दिवसाबद्दलही सांगायला हवं.

मुलांना घेऊन कुठे जायचं म्हटलं की आम्ही सगळे घाबरायचो. इंदूताईंनी ठरवलं, केळझरच्या गणपतीला जायचं, गर्दी नसलेल्या दिवशी. एक भाड्याची गाडी केली. दर्शन चांगलं झालं. परतताना सेलूच्या अलीकडे टायर बसलं. आम्ही रस्त्याकडेला उतरलो. ट्रक हॉर्न देत जात होते आणि रमेशभाऊंच्या मुलानं स्वतःचा हात चावायला सुरुवात केली. आईबापांना तो आवरेना. इंदूताईंनी त्याला आडोशाला नेलं, त्याच्या खांद्यांवर दोन्ही हातांनी घट्ट दाब देत बसल्या. हळूहळू तो निवला. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "सागर कुठं आहे?"

सागर कुठेच नव्हता. दोन्ही बाजूंना कपाशीचं उभं पीक. आम्ही हाका मारल्या, पण हाकेला ओ देणं त्याला येतच नव्हतं. ऊन उतरायला लागलं होतं. वामनराव रस्त्यावर येरझारा घालत होते. तेवढ्यात आतल्या वाटेनं एक मोटरसायकलवाला आला आणि गर्दी बघून आपणहून म्हणाला, "आमच्या गावात पोरं पयवनारा पकडला. बांधून ठेवला खांबाले."

तेव्हा मोबाईलवर पोरं पळवणाऱ्या टोळ्यांचे व्हिडिओ फिरत होते. कुठे कुठे माणसं मारल्याच्या बातम्या आम्ही वाचल्या होत्या. इंदूताईंनी त्याला एकच विचारलं, "जिवंत आहे ना?" आणि त्याच्या मागे बसल्या. आर्याला बाकीच्या जणींकडे सोपवून त्यांच्या मागे मी.

गावात समाजमंदिरासमोर माणसंच माणसं. विजेच्या खांबाला सागरला दोरानं बांधलं होतं. शर्ट फाटलेला, ओठ फुटून रक्त हनुवटीवर आलेलं. नंतर कळलं ते असं. त्याला वाळत घातलेल्या कपड्यांना हात लावायची आवड होती, तासन्‌तास तो साडीचा काठ बोटांत फिरवायचा. एका अंगणात निंबाला लुगड्याची झोळी टांगलेली दिसली, म्हणून तो आत शिरला आणि ते कापड ओढायला लागला. झोळीत तान्हं पोर होतं. पोराची आई घरातून बाहेर आली आणि तिनं बोंब मारली.

हात मागे बांधलेले असल्यामुळे सागरला कान झाकता येत नव्हते. सगळं गाव एकाच वेळी ओरडत होतं. माराहून जास्त त्याला ते सोसवत नव्हतं. तो मागे खांबावर डोकं आपटत होता आणि लोकांना ते सोंग वाटत होतं.

मला वाटलं होतं, इंदूताई धावत जाऊन कुणाच्या तरी अंगावर पडतील. त्या चालत गेल्या. गर्दी बाजूला झाली. एक जण म्हणाला, "तुमचा आहे का? वेडा आहे का हा?"

"नाई. याचं नाव सागर आहे."

मग त्यांनी आपले दोन्ही तळवे त्याच्या कानांवर ठेवले आणि तशाच उभ्या राहिल्या. काठी घेतलेला एक तरणा गडी पुढे आला. "हे पाहा बाई, पोलीस येईस्तोवर सुटत नाई हा."

इंदूताई बोलायला लागल्या, पण इतक्या हळू की पुढच्यालाही ऐकू येईना. "काय म्हनते? काय म्हनते?" असं मागून विचारणं सुरू झालं. कुणीतरी म्हणालं, "अरे, चूप बसा ना, ऐकू द्या." गलका बसत गेला. त्या तेवढ्याच आवाजात बोलत होत्या. "मी त्याची माय आहे. त्याले बोलता येत नाई. आवाज सहन होत नाई. पोलिसाले मी बी बोलावतो, पन आधी हात सोडा त्याचे. मी इथून हालत नाई. पयून जानार नाई."

कुणी हललं नाही. काठीवाला तिथेच. मी त्याच्या काठीच्या टोकाकडे बघत होते; ते वर उठलं तर काय करायचं, हे मला कळत नव्हतं. शेवटी समाजमंदिराच्या ओट्यावरून एक म्हातारबाबा उतरले, काठीवाल्याला हातानं बाजूला केलं आणि दोर सोडला. सागरनं हात मोकळे होताच आईच्या हातांवर आपले हात दाबले. पोलिसांची गाडी येईपर्यंत ती दोघं तशीच खांबाला टेकून बसली होती.

पुढच्या रविवारी दुकानात भांडण झालं. रमेशभाऊंचं म्हणणं, सगळ्या गावावर गुन्हा दाखल व्हायला पाहिजे. "त्यायले सोडलं तर उद्या आपल्या एखाद्या पोराचा जीव घेतीन ताई." इंदूताई म्हणाल्या, "ज्यानं काठी मारली त्याचं नाव मी दिलं पोलिसात. ते मांग घेनार नाई. पन त्या गावात मी परत जानार आहे. तुमाले यायचं असंन तं या."

"मार खायला?" रमेशभाऊ उठून गेले. कितीतरी दिवस ते आले नाहीत. मलाही त्यांचंच पटत होतं. पण मी गेले, कारण इंदूताईंना एकटं जाऊ देणं शक्य नव्हतं.

सागरला त्यांनी घरी वामनरावांजवळ ठेवलं. त्याच समाजमंदिरात सतरंजीवर आम्ही चौघी-पाच जणी, समोर गाव. सरपंचांनी सुरुवातच केली, "आधी तक्रार वापस घ्या, मग बोलू."

"वापस घेत नाई," इंदूताई म्हणाल्या. कुजबुज उठली. दाराजवळचे काही जण निघायला लागले. "जायचं असंन त्यायनं जा. मी भांडाले नाई आली. असं लेकरू पुन्हा तुमच्या गावात आलं तं ओळखाचं कसं, त्याच्याशी वागाचं कसं, तेवढं सांगाले आली. ऐका, नाई तं नका ऐकू."

मागून एक पोरसवदा बाई उभी राहिली. काखेत तान्हं मूल. "मी बोंबलली म्हनून झालं ते," ती म्हणाली.

इंदूताईंनी मान हलवली. "तू बोंबलली ते बरोबर केलं. तुह्या जागी मी बी बोंबलली असती. पुढचं चुकलं. त्याच्यात तुहा काही दोष नाई. बस."

ती बसली, आणि गाव ऐकायला लागलं. सगळं नाही. काठीवाला आलाच नव्हता. पण बायका प्रश्न विचारायला लागल्या. सभा संपल्यावर आम्ही निघालो, तेव्हा एका म्हातारीनं इंदूताईंचा पदर धरला आणि त्यांना गावाच्या टोकाच्या घरी नेलं. मागच्या खोलीत तिची मुलगी होती, बेबी, तिशी उलटलेली. पाय मऊ कापडानं खाटेला बांधलेला. "निंगून जाते न, बाई. कुठं पाहू हिले? कोनाले सांगू?" गावातल्या निम्म्या माणसांना बेबी जिवंत आहे हेही माहीत नव्हतं. इंदूताई खाटेजवळ जमिनीवर बसल्या. बेबीनं बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं नाही. मग त्यांच्या हातातल्या काचेच्या बांगड्यांना बोट लावलं. इंदूताईंनी हात तसाच धरून ठेवला. आमची शेवटची बस निघून गेली तरी त्या उठल्या नाहीत.

बेबी आणि तिची आई नंतर रविवारी यायला लागल्या. पाय बांधणं लगेच सुटलं नाही, पण सुटलं. काठीवाल्याच्या केसचा निकाल मात्र इंदूताई होत्या तोवर लागला नव्हता. तो एकदा दुकानात आला होता, हात जोडत. त्या म्हणाल्या, "पानी पे. बाकीचं कोर्टात सांग."

पोटाचं दुखणं त्यांनी फार दिवस लपवलं. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा हातात फारसं काही उरलं नव्हतं. आम्ही ऑपरेशनबद्दल, मुंबईला नेण्याबद्दल बोलत होतो, त्या मधेच म्हणाल्या, "ते सोडा. उद्याचं बोला." त्यांचं उद्याचं म्हणजे सागर. वामनराव थकलेले, मुलाला आंघोळ घालणंही त्यांना झेपत नव्हतं. आणि सागर आईच्या हातचं सोडून कुणाचं खात नव्हता, दुसऱ्याच्या घरी तर पाणीही पीत नव्हता.

त्यांनी आमच्या घरांमध्ये त्याचे दिवस वाटून दिले. आमच्याकडे, सेलूच्या शिक्षिकेकडे, आणि परत येऊ लागलेल्या रमेशभाऊंकडे. पहिल्या दिवशी सागरनं आमच्या दारावर इतकं डोकं आपटलं की मी आणि माझा नवरा उशा धरून उभे होतो. संध्याकाळी उपाशीच घरी गेला. दुसऱ्या खेपेलाही तेच. मी फोन करून म्हटलं, "ताई, नका त्याचे असे हाल करू. आहात तोवर राहू द्या तुमच्याजवळ."

 त्या म्हणाल्या, "मी असतानी शिकला तं शिकंन. मंग कोन शिकवीन? तुमच्याकडं उपाशी राह्यला तं रात्री मी खाऊ घालतो. मी नसल्यावर रात्री कोन खाऊ घालंन?"

आज सागर वामनरावांजवळ राहतो आणि दिवसा आमच्यापैकी कुणाच्या तरी घरी असतो. आर्या त्याच्या शेजारी बसून रंग भरते. दुकान चालू आहे. पण हे सगळं नंतरचं.

मी इंदूताईंना शेवटचं पाहिलं त्या दुपारी सागर आमच्याकडे होता. त्यांना अंथरुणातून उठवत नव्हतं, म्हणून येतील असं माझ्या मनातही नव्हतं. वरण-भाताचं ताट त्याच्यापुढे ठेवून मी वळले, तर खिडकीतून दिसलं, रस्त्यापलीकडे ऑटो उभा आहे आणि मागच्या सीटवर इंदूताई. डोक्यावरून पदर घेतलेला, चेहरा निम्मा झालेला. मी दाराकडे निघाले, तशी त्यांनी तिथूनच हात हलवून मला थांबवलं. आत यायचं नव्हतं. तो बघेल, उठेल, मग संपलं. मी पडदा पूर्ण बाजूला केला आणि भिंतीला टेकून उभी राहिले.

सागर ताटाकडे बघत बसला होता. बोटांनी भात जरा सारायचा, हात मागे घ्यायचा, झुलायचा. वरणावर साय धरली. एकदा तो उठून उभा राहिला. मग पुन्हा बसला. ऑटोवाला मध्येच खाली उतरला, पुन्हा बसला. इंदूताई हलल्या नाहीत. त्यांनी ऑटोची दांडी दोन्ही हातांनी धरली होती.

मग सागरनं ताट जवळ ओढलं आणि घास घेतला. चावला. गिळला. दुसरा घेतला.

मी खिडकीतून बघितलं. मला वाटलं, त्या हसतील, निदान माझ्याकडे बघतील. त्यांचं लक्ष फक्त त्याच्याकडे होतं. चार-सहा घास झाले, तेव्हा त्यांनी पुढे वाकून ऑटोवाल्याच्या खांद्याला हात लावला. ऑटो सुरू झाला आणि कोपऱ्यावरून वळला.

सागरनं ताट माझ्याकडे सरकवलं. "भात," तो म्हणाला. मी वाढायला आत गेले.